नववी-दहावीच्या मुलांना ज्यूद्वेष आणि वंशसंहार शिकवायचा आहे. कसा?

पाटीपेन्सिल

अलिबाग तालुक्यातल्या एका मराठी शाळेत मी इतिहास शिकवतो. सध्या १ ऑगस्टच्या टिळक पुण्यतिथीच्या वक्तृत्व स्पर्धेची तयारी चालू आहे. विषय 'मला भावलेला नेता'. शिवाजी महाराज, शाहू महाराज, कलाम सर अशी नेहमीची भाषणं झाली आणि मग नववीतला एक मुलगा हिटलरवर बोलला. उत्तम बोलला हो. शिस्त, देशप्रेम, रस्ते बांधले, बेकारी घालवली, एकटा माणूस सगळ्या जगाला भिडला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. परीक्षक म्हणून बसलेल्या आमच्यातल्या दोघांनीसुद्धा.

नंतर त्याला बाजूला घेऊन विचारलं, "अरे, साठ लाख ज्यू मारले त्यानं, ते कुठं गेलं भाषणात?" तर म्हणतो, "सर, युद्धात माणसं मरतातच ना."

पोरगा द्वाड नाही. त्याला कोणी सांगितलंच नाहीये. एसटी स्टँडवरच्या पुस्तकांच्या गाड्यावर हिटलरचं आत्मचरित्र 'यशस्वी कसे व्हाल' छापाच्या पुस्तकांना खेटून असतं, आणि कडक मास्तराला हिटलर म्हणायची आपल्याकडे रीतच आहे. स्टेट बोर्डाच्या नववीला १९६० नंतरचा भारत आहे, दहावीचा पहिला धडा इतिहासलेखनाचा. दुसरं महायुद्ध मुलं शिकतात ती मोबाईलवरच्या रील्समधून, तिथं पार्श्वसंगीत जोरदार असतं.

पावसामुळे ऑफ तास बरेच मिळतात. ते वापरायचे आहेत. सुरुवात कुठून करू, किती सांगू, काय दाखवू नको? प्रेतांच्या ढिगांचे फोटो दाखवायचे नाहीत एवढंच मी ठरवलंय. गंमत अशी की अलिबागेत इस्रायल आळी आहे, तिथं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे, आणि आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांना ते चर्च वाटतं.

गुहागरी

सर, आमच्याकडे सीबीएसईत नववीला नाझीवादावर अख्खा धडा आहे, तेव्हा धडा असला की प्रश्न सुटतो या भ्रमात राहू नका. मुलं १९३३, १९३५, १९४२ पाठ करतात, तीन मार्कांना 'साठ लाख' लिहितात आणि मधल्या सुट्टीत तेच हिटलर-प्रेम चालू. माहिती कमी पडते असं नाही. माहितीचा आपल्याशी काही संबंध आहे हे पोचत नाही.

मी सध्या असं करते. जाड कागदाची पत्रं (कार्डं) करायची, प्रत्येकावर एक घटना, तारीख मागच्या बाजूला. १ एप्रिल १९३३: ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार. त्याच महिन्यात: ज्यूंना सरकारी नोकरीतून काढणारा कायदा. सप्टेंबर १९३५: न्यूरेंबर्गचे कायदे, ज्यूंचं नागरिकत्व गेलं, जर्मनांशी लग्नाला बंदी. नोव्हेंबर १९३८: एका रात्रीत शेकडो सिनेगॉग जाळली, दुकानं फोडली, सुमारे ३० हजार पुरुष छावण्यांत डांबले. मग ज्यू मुलांना सरकारी शाळेतून काढलं. २० जानेवारी १९४२: बर्लिनच्या वान्झे भागात अधिकाऱ्यांची बैठक, संपूर्ण युरोपातले ज्यू संपवण्याच्या कामाची वाटणी. पत्रं पिसून गटांना द्यायची, क्रम लावायला सांगायचा.

क्रम लागला की मुलं गप्प होतात, कारण पहिली कितीतरी वर्षं त्यात विषारी वायू नाहीच. अर्ज आहेत, शिक्के आहेत, नोकरीवरून काढल्याच्या नोटिसा आहेत. मग मी एकच विचारते: यातल्या कुठल्या पत्रापाशी कोणाला काय करता आलं असतं? एक पत्र हमखास चुकीच्या जागी लागतं. वायूनं मारायची पद्धत आधी वापरली गेली ती जर्मनीतल्याच अपंग आणि मनोरुग्णांवर. ऑगस्ट १९४१ पर्यंत सुमारे ७० हजार माणसं मारली, 'समाजावर ओझं' म्हणून. ही पुढची पायरी असणार असं मुलांना वाटतं. ती आधीची आहे.

आईमोड

शिक्षकांनो, एक विनंती. माझ्या आठवीतल्या मुलीला कोणीतरी छावणीचा व्हिडिओ दाखवला, शाळेतच. ती कित्येक रात्री नीट झोपली नाही आणि शेवटी तिच्या डोक्यात राहिलं काय, तर हाडं. ती माणसं कोण होती, काय काम करायची, का पकडली, काही नाही. पाटीपेन्सिल, फोटो नाही हे बरं ठरवलंत.

स्वातीनक्षत्र

एक कल्पना. नाझी ज्यूंना लावायला लावत तशा पिवळ्या चांदण्या अर्ध्या वर्गाला लावायच्या, अर्ध्यांना सैनिक करायचं, एक दिवस तसं वागवायचं. मुलांना अनुभवातून कळतं.

गुहागरी

स्वाती, नको. मनापासून नको. सैनिक झालेल्या मुलांना मजा येते, हा पहिला धोका. दुसरा, चांदणी लावलेल्या मुलीला वाटतं आपल्याला कळलं. एका तासाच्या खेळात ऑशविट्झची छावणी कळत नसते, तिथं सुमारे ११ लाख माणसं मारली. आणि आपल्या वर्गात ज्याला खरोखर वेगळं बसवलं गेलंय असं एखादं मूल असतंच. त्याला हा खेळ का खेळायला लावायचा? जगभर हा विषय शिकवणारे अनुभवी लोक असं नाटक करू नका असंच सांगतात.

मलिद्याचं_ताट

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. आईकडचे रेवदंड्याचे, आता ठाण्यात. धागा वाचून लिहायचं की नाही असं चाललं होतं, लिहितेच.

पाटीपेन्सिल सर, कृपा करून आमची ओळख मेलेली माणसं म्हणून करून देऊ नका. एका शाळेनं मला कार्यक्रमाला बोलावलं होतं आणि निवेदिकेनं माईकवर सांगितलं, "आता ताई आपल्याला सांगतील, हिटलरनं त्यांच्या कुटुंबाचा कसा छळ केला." अहो, आमचे पणजोबा तेव्हा रेवदंड्यात नारळ उतरवून घेत होते! युरोपातल्या ज्यूंवर जे आलं ते आमच्यावर आलं नाही. ते आमच्या नावावर खपवू नका.

आमची गोष्ट वेगळी. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बुडालेल्यांना तिथंच पुरलं, असं आमच्यात पिढ्यान्पिढ्या सांगतात. नवगावला ते दफनस्थान आजही आहे. कधी घडलं याची पक्की नोंद नाही आणि मुलांना तसंच सांगा, की ही परंपरेतली कथा आहे. वाचलेल्यांनी घाणे घातले, तेल काढलं, शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून गावानं नाव दिलं शनिवार तेली. आडनावं गावांवरून: पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर, चेऊलकर. नट डेव्हिड आठवतात का? ते डेव्हिड अब्राहम चेऊलकर, मूळ चौलचे. देव आमचा, कीर्तन मराठीत. मलिदा हा आमचा आभाराचा विधी, त्याला पोहे, खोबरं, गूळ, फळं. सागावला जाऊन तो खडक दाखवा मुलांना. आमचा प्रेषित एलियाहू हन्नाबी तिथून रथासह वर गेला असं आम्ही मानतो. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, हेही सांगा.

आणि हो, आम्हाला फार गोंडस करू नका. आमच्यातच गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असा भेद होता. एका पंगतीत बसत नसत, लग्नं होत नसत. पुढे इस्रायलला गेलेल्या आमच्या लोकांना तिथल्या धर्मगुरूंनी लग्नाच्या बाबतीत अडवलं, हे पुरते ज्यू आहेत का म्हणून. आंदोलनं झाली तेव्हा १९६४ मध्ये तिथल्या संसदेनं बेने इस्रायल हे सर्वार्थानं ज्यू आहेत असं जाहीर केलं. पूर्वग्रह हा जर्मन माल आहे असं मुलांना वाटू देऊ नका.

तिरकस

सगळं ठीक, पण सहा-सात हजार किलोमीटरवरचं दुःख आपल्या पोरांनी का वाहायचं? इथल्या जातीवर तास घ्या ना. रायगडात आजही गावकी माणसाला वाळीत टाकते. त्यावर बोलायला शाळा घाबरते आणि जर्मनीवर मात्र प्रकल्प. लांबचं पाप सोयीचं असतं.

वेंगुर्ला_ते_पणजी

तिरकसशी अर्धा सहमत. उरलेलं अर्धं असं की ते 'लांबचं' आपल्या किनाऱ्यावरही येऊन गेलंय. 'भारतात ज्यूंचा छळ कधीच झाला नाही' हे वाक्य प्रत्येक भाषणात येतं, म्हणून सांगतो.

गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य. १५३४ मध्ये गोव्यात आला. इथल्या औषधी वनस्पतींवर त्याचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यात छापलं गेलं. त्या काळी मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्यानं होतं. घराणं ज्यू, पोर्तुगालमध्ये सक्तीनं ख्रिस्ती झालेलं. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय बसलं. ओर्ता १५६८ मध्ये वारला, आणि पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातरीनाला, छुपी ज्यू म्हणून गोव्यात जिवंत जाळलं. एवढ्यावर भागलं नाही. १५८० मध्ये ओर्ताची हाडं उकरून काढून जाळली. मेल्यावर बारा वर्षांनी.

हे राज्य आपलं नव्हतं, शेजाऱ्यांनी केलं नाही, मान्य. इन्क्विझिशनची झळ पुढे हिंदूंनाही बसली. पण पंधराव्या-सोळाव्या शतकातला 'यांचं रक्तच अशुद्ध, बाप्तिस्मा घेऊनही हे सुधारत नाहीत' हा पोर्तुगीज-स्पॅनिश विचार आणि न्यूरेंबर्गचे, आजी-आजोबांतले किती ज्यू ते मोजणारे कायदे शेजारी ठेवून बघा. धर्म बदलला तरी सुटका नाही, हा मुद्दा दोन्हीकडे तोच.

पाटीपेन्सिल

तिरकस, तुमचा टोमणा कामाला आला. वाळीत टाकणं आमच्या मुलांना सांगायला लागत नाही. वर्गातल्या दोघा-तिघांच्या गावात झालंय. किराणा द्यायचा नाही, बोलायचं नाही, मयताला जायचं नाही, बोलला त्याला दंड. त्याविरुद्ध २०१६ मध्ये राज्यानं कायदा केला, २०१७ पासून लागू आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. त्या कायद्यामागे रायगडातल्या केसेस मोठ्या प्रमाणात होत्या.

म्हणून गुहागरींची पत्रं घेताना पहिलं पत्र १ एप्रिल १९३३ चं, आणि प्रश्न असा: आपल्याकडच्या वाळीत टाकण्यात आणि यात सारखं काय, वेगळं काय? सारखं त्यांना सापडेल. वेगळं मला काढून घ्यायचंय. आपल्याकडे गावकी वाळीत टाकते आणि सरकार निदान कागदावर तरी अडवतं. तिथं दुकानाच्या दारात उभे राहिले ते सत्ताधारी पक्षाचेच लोक, आणि पुढे तर कायदाच वाळीत टाकणारा झाला. तक्रार कोणाकडे करणार?

मालवणी_खाजा

मास्तरांनू, आमच्या कुडाळाकडे एका पोरान माका इचारल्यान, "काका, ज्यूंनी कायतरी केला असतला ना, म्हणान हिटलर चिडलो?" ह्येका काय उत्तर देवचा? माका काय सुचाक नाय. बँका त्यांच्या, सगळो पैसो त्यांचो, असा मोबाईलवर येता.

वेंगुर्ला_ते_पणजी

खाजा, तो प्रश्न प्रत्येक वर्गात येणार. उत्तर थोडं लांब आहे.

मध्ययुगीन युरोपात ज्यूंना बहुतेक ठिकाणी जमीन धरता येत नसे, कारागिरांच्या संघात शिरता येत नसे. चर्चनं ख्रिश्चनांना व्याजबट्टा निषिद्ध ठरवला होता. मग राजे लोक ज्यूंना त्या धंद्यात बसवत, त्यांच्याकडून कर उकळत, आणि लोक चिडले की त्यांच्याच अंगावर सोडत. १३४८-४९ मध्ये प्लेग आला तेव्हा ज्यूंनी विहिरींत विष टाकलं अशी आवई उठली. स्ट्रासबुर्गमध्ये तर प्लेग पोचायच्या आधीच शेकडो ज्यू जाळले.

मग १९०३ मध्ये रशियात एक मजकूर छापला गेला, ज्यूंच्या वडीलधाऱ्यांनी जग ताब्यात घ्यायचा बेत केला त्याचं म्हणे इतिवृत्त. १९२१ मध्ये लंडनच्या टाइम्सनं परिच्छेद शेजारी शेजारी छापून दाखवलं की हा दुसऱ्याच एका जुन्या फ्रेंच राजकीय पुस्तकातून उचललेला आहे. बनावट. तरी नाझींनी तो शाळांत वापरला, आणि तुमच्या मोबाईलवर जे येतं तो त्याचाच नातू.

बाकी आकडा पोरांनाच तपासायला द्या. १९३३ मध्ये जर्मनीत ज्यू होते सुमारे पाच लाख, लोकसंख्येच्या एक टक्क्याहून कमी. त्यांतले कित्येक पहिल्या महायुद्धात जर्मनीकडून लढलेले. 'त्यांनी काय केलं' याचं उत्तर शोधायला निघालो की आपण खुन्याचीच फाईल चाळायला लागतो.

बाणकोट_खाडी

मी कोकणी मुसलमान, मुलगा दहावीत. आमच्याकडे आणि बेने इस्रायलांकडे कोकणात कधी वाकडं नव्हतं, आजी सांगायची. पण आज तास घेतलात तर पहिल्या पाच मिनिटांत हात वर होणार: "सर, मग गाझाचं काय?" तेव्हा काय कराल? "विषयाला सोडून बोलू नको" म्हणालात तर माझ्या पोराला वाटणार की काही मेलेल्यांबद्दल बोलायची परवानगी आहे आणि काहींबद्दल नाही. दुसरी भीतीही सांगतो. हाच तास पुढे कोणीतरी फिरवून मुसलमानांवर आणणार. दोन्हीकडून कात्री.

मलिद्याचं_ताट

बाणकोट, प्रश्न येऊ द्या. सरकारवर टीका ही सरकारवर टीका. माझ्या घरातच इस्रायलच्या सरकारवरून दोन तट आहेत, फोनवर भांडणं होतात. मुलांनी फक्त एवढं ओळखावं की गाझात मेलेल्या मुलांसाठी रडणं हा ज्यूद्वेष नाही, आणि त्या रागात अलिबागच्या आळीतल्या म्हातारीला जाब विचारणं हा आहे. २००८ मध्ये नरिमन हाउसमध्ये जे मारले गेले त्यांना केवळ ज्यू म्हणून शोधून मारलं. तिथल्या दोन वर्षांच्या मुलाला ज्या सांभाळणाऱ्या बाईनं बाहेर आणलं, त्या सँड्रा सॅम्युएल ख्रिश्चन. हेही सांगायला हवं. आणि मुसलमान मुलाला कोणी "तुझे लोक" म्हणून जाब विचारला, तर सरांनी तिथंच थांबवावं. त्याच क्षणी, नंतर नाही.

प्रशासक

गाझा आणि पॅलेस्टाइनवर वेगळा धागा आहे, राजकीय वाद तिकडे न्यावा. वर्गात प्रश्न कसा हाताळावा हे इथं चालेल. दोन प्रतिसाद उडवले आहेत, कारण ज्याचं त्याला ठाऊक.

गलबत

मी मुरुडचा, मालवाहू जहाजावर सेकंड ऑफिसर. कोपनहेगनला येणं-जाणं असतं. सर, तुमच्या वर्गात कोळ्यांची मुलं असतील तर एक गोष्ट सांगाच.

डेन्मार्क १९४० पासून जर्मनीच्या ताब्यात होतं. तिथं ज्यू फार नव्हते, आठ हजारांच्या आसपास. सप्टेंबर १९४३ च्या अखेरीस धरपकडीचा दिवस ठरला. जर्मन वकिलातीतल्या डुकविट्झ नावाच्या एका अधिकाऱ्यानं, तो नाझी पक्षाचा सदस्य होता बरं का, ही बातमी डॅनिश पुढाऱ्यांच्या कानावर घातली. सिनेगॉगमध्ये धर्मगुरूंनी उघड सांगितलं, घरी जाऊ नका. लोक शेजाऱ्यांकडे, हॉस्पिटलांत, चर्चमध्ये लपले. समोर स्वीडन, युद्धात नसलेला देश. मधे सामुद्रधुनी, सर्वांत अरुंद ठिकाणी चार-साडेचार किलोमीटर. मग मच्छीमारांच्या बोटी. रात्री, माशांच्या खणात माणसं, वरून जाळी. काही आठवड्यांत सुमारे ७,२०० ज्यू पलीकडे गेले. पकडले गेले ते ४७० च्या आसपास. गिलेलाय नावाच्या कोळीगावात चर्चच्या माळ्यावर लपलेले ऐंशीएक जण कोणीतरी फोडल्यामुळे सापडले.

आता महत्त्वाचं. बरेच मच्छीमार पैसे घेत, पहिल्या दिवसांत तर भरमसाट. ज्यांच्याकडे नव्हते त्यांच्यासाठी लोकांनी वर्गणी काढली. हे गाळून सांगू नका. गाळलंत की ती देवमाणसांची गोष्ट होते, आणि देवमाणसांची गोष्ट ऐकून पोरं जांभई देतात.

दर्यावर्दी७

गलबतदादा, मी कोळी, घरची बोट आहे, म्हणून बोलतो. पैसे घेतले यात वाईट काय ते मला कळलं नाही. बोट पकडली गेली तर नाखवा संपला. बोट कर्जाची असते. तांडेल, खलाशी, प्रत्येकाचा वाटा असतो, प्रत्येकाच्या घरी पोरं. नाखव्यानं एकट्यानं धर्म करायचा ठरवला तरी खलाशांना विचारायला नको? डिझेल कोण देणार? मी तिथं असतो तर पैसे घेतले असते आणि नेलंही असतं. किती घेतले असते ते मात्र आज बसल्या जागी सांगता येत नाही.

तिरकस

हे वाचायला मजा आली. दर्यावर्दींना वर्गात बोलवा.

गुहागरी

याच्या शेजारी सेंट लुईसची गोष्ट ठेवता येईल. मे १९३९, हॅम्बुर्गहून निघालेली बोट, ९३७ उतारू, बहुतेक ज्यू. क्यूबाचे परवाने घेतलेले. हवानाला पोचल्यावर कळलं की परवाने आधीच रद्द झालेत, मोजकेच उतरू दिले. बोट फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळून गेली, उतारूंना मायामीचे दिवे दिसत होते, अमेरिकेनं घेतलं नाही. कॅनडानंही नाही. बोट युरोपला परत. ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम, हॉलंडनं माणसं वाटून घेतली आणि वर्षभरात त्यांतल्या तीन देशांवर जर्मनी चालून गेली. २५४ जण मारले गेले. त्याआधी जुलै १९३८ मध्ये फ्रान्समध्ये एव्हियाँला ३२ देशांची परिषद झाली होती निर्वासितांवर. सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली, दारं फारच थोड्यांनी उघडली.

नवगावला गलबत फुटलं तेव्हा कोणाकडे कसले परवाने होते?

स्वातीनक्षत्र

कोल्हापूरजवळ वळिवडेला पण पोलंडच्या ज्यूंना ठेवलं होतं ना? ते सांगता येईल.

वेंगुर्ला_ते_पणजी

वळिवडे बरोबर, ज्यू नव्हे. १९४३ ते ४८, सुमारे पाच हजार पोलिश, बहुतेक कॅथलिक बायका-मुलं. त्यांना हाकललं होतं रशियनांनी, सैबेरियाकडे. तेही सांगावं, पण त्यांचं दुःख त्यांच्याच नावावर.

ज्यू निर्वासित हवे असतील तर मुंबईत होते. वॉल्टर कॉफमन, प्राग सोडून १९३४ मध्ये मुंबईला आलेला संगीतकार, आकाशवाणीत होता. सकाळी केंद्र सुरू होताना वाजणारी धून, तंबोऱ्यावर व्हायोलिन, ती त्याची. रत्नागिरी केंद्र ऐकणाऱ्या आज्या-आजोबांना ती पाठ आहे.

पाटीपेन्सिल

तास झाले. एकात उरकलं नाही, उरकणारही नव्हतं.

पत्रांचा खेळ चालला. वाळीतवाली तुलना एवढी चालली की मला आवरावी लागली. एक मुलगी म्हणाली, "सर, आमच्या काकांना टाकलं तेव्हा शाळेत माझ्याशी कोणी बोलत नव्हतं, तेव्हा तुम्हीपण काही म्हणाला नाहीत." 'तुम्ही' म्हणजे शिक्षक मंडळी, मी तेव्हा या शाळेत नव्हतो. पण तो तास तिथंच थांबला आणि पुढची वीस मिनिटं जर्मनी फळ्यावर तशीच राहिली. बोलली मुलं. ती मुलगी सर्वांत कमी बोलली.

आफ्रिकेतल्या रवांडाचा वंशसंहार थोडक्यात घेतला. एप्रिल ते जुलै १९९४, शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली, बहुतेक तुत्सी जमातीची. बेल्जियमच्या राजवटीत ओळखपत्रावर हुतू की तुत्सी ते छापायला लागले, आणि साठ वर्षांनी रस्त्यावरच्या नाक्यानाक्यावर तेच कार्ड बघून माणसं बाजूला काढली. रेडिओवरून तुत्सींना झुरळं म्हणत, लपलेल्यांची नावं वाचून दाखवत. मुलांना व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप लगेच आठवला, मला बोलावं लागलं नाही.

गाझाचा प्रश्न आला, बाणकोट, पाचव्याच मिनिटाला. मलिदाताईंचं वाक्य जवळजवळ तसंच वापरलं. एका मुलानं मागून काहीतरी टाकलंच, "तुझे लोक"छाप. त्याला तिथंच उभं केलं आणि वाक्य मोठ्यानं परत बोलायला लावलं. बोलला नाही.

वक्तृत्ववाला बहाद्दर मात्र ठाम. "पण सर, रस्ते तर बांधले ना?" म्हटलं शोध. दुसऱ्या दिवशी स्वतःच घेऊन आला: कोलोन ते बॉन हा मोटाररस्ता ऑगस्ट १९३२ मध्ये सुरू झाला, हिटलर सत्तेवर येण्याआधी, आणि उद्घाटन करणारे महापौर आडेनाउर यांना नाझींनी पुढच्या वर्षी पदावरून घालवलं. बेकारीचं पण शोधतोय. लष्करभरती किती, नोकरीतून काढलेले ज्यू बेकारांत मोजले का, घरी बसवलेल्या बायका मोजल्या का. भाषण मागे घेतलं नाहीये. म्हणतो, दुरुस्त करून बोलेन. मुख्याध्यापक म्हणतात विषयच बदल. मी म्हटलं, बोलू द्या, खाली बसलेले प्रश्न विचारतील. अजून परवानगी नाही.

डेन्मार्कवर वर्ग सरळ दोन तुकड्यांत फुटला. पैसे घेणारे चांगले की वाईट. ज्यांच्या घरी बोटी आहेत ती पोरं एका बाजूला, शिक्षकांची आणि नोकरदारांची दुसऱ्या. तोडगा निघाला नाही, घंटा झाली.

बाणकोट_खाडी

वाक्य परत बोलायला लावलंत हे बरं केलंत. भाषण होऊ द्यात.

आईमोड

न होऊ देणं बरं असं मला वाटतं. माईकवर एकदा टाळ्या मिळाल्या की दुरुस्ती कोण ऐकतंय?

गुहागरी

आईमोड, मग तो तेच भाषण रीलवर टाकेल. तिथं प्रश्न विचारायला कोणी नसतं.

मलिद्याचं_ताट

सर, सिनेगॉगला मुलांना आणायचं असेल तर शनिवार सोडून या आणि आधी कळवा, देखभाल करणाऱ्यांशी मी बोलते. मुलांनी डोकं झाकायला टोपी किंवा रुमाल आणावा. त्या बहाद्दरालाही आणा. मलिदा मी करून आणते, पोहे अलिबागचेच घेईन.

दर्यावर्दी७

मास्तर, मला यायचंय त्या तासाला. मासेमारी बंदी ३१ जुलैपर्यंत, तोवर बोट किनाऱ्यावरच आहे, दुरुस्ती चालू आहे. १ तारखेनंतर आम्ही दर्यात, मग पकडता येणार नाही. आमच्या तांडेलालाही आणतो. तो म्हणतोय पैसे घ्यायलाच नको होते.